ओले पाय, सुक्या दांड्या

ऑर्लिन गेला तो मंगळवार होता. कोंबड्यांचं खाद्य आणायला म्हणून निघाला, गाडीचं दार उघडलं आणि पायरीवर जो बसला तो उठलाच नाही. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. मला वाटलं, बुटाची नाडी बांधतोय. नाडी बांधायला माणसाला किती वेळ लागतो हे मला चांगलं ठाऊक आहे, तरी मी भांडी विसळत राहिले.

पुढे जे व्हायचं ते सगळं रीतसर झालं. खोऱ्यातली माणसं आली, पाद्री आला, चार शब्द बरे बोलला. टेकडीवर आमच्या प्रेटर घराण्याची दफनाची जागा आहे, तिथे सासू-सासऱ्यांच्या पायथ्याशी त्याला ठेवलं. आमच्याकडे माणूस गेला की मागोमाग जेवण येतं. शिजवलेल्या बीन्स, मक्याचा पाव, खारवलेलं डुकराचं मांस, तळलेली सफरचंदं. प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी आणि तिच्यावर मालकिणीचं नाव, म्हणजे दुःख ओसरल्यावर भांड्यांवरून भांडण नको. मी सगळं खाल्लं. चवसुद्धा लागत होती.

सगळ्या बायका माझ्यावर डोळा ठेवून होत्या, ही कधी कोसळते म्हणून. मी कोसळले नाही. दाढ काढून आल्यावर गालाला हात लावला की तो गाल दुसऱ्याच कुणाचा तरी वाटतो, तसं माझं सगळ्या अंगाचं झालं होतं. झोप येत होती, भूक लागत होती, कोंबड्यांना दाणे टाकले जात होते. रडू काही येत नव्हतं. त्याबद्दल वाईटही वाटत नव्हतं.

शेजारची ओमा स्टिडम माझा हात धरून म्हणाली, "रड गं डेल्फी, मोकळी हो. आत ठेवू नकोस."

"ओमा," मी म्हटलं, "तुझ्या बीन्समध्ये मीठ कमी आहे."

ती जी उठून गेली ती भांडं न्यायलाही आली नाही. मला खरंच तसं म्हणायचं होतं, टोमणा नव्हता. मीठ कमीच होतं.

केलीन ही आमची एकुलती एक मुलगी. लेक्सिंग्टनला एका दवाखान्याच्या कचेरीत असते. ती आली ती आठवडाभर राहिली. तिला रिकामं बसवत नाही, हे तिचं लहानपणापासूनचं. बापाचे कपडे घड्या घालून खोक्यांत भरले, फोन घेतले, फोन केले, आणि एका सकाळी मी कॉफी पीत बसले होते तर माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"मम्मी, हस्तकला केंद्राचा पुन्हा फोन होता. शनिवारी गाडी पाठवतायत."

"कशाला?"

"काल सांगितलं की गं तुला. डॅडीचं बाकडं, अवजारं, टोपी आणि ती शेवटची खुर्ची. सगळं काचेमागे मांडणार. त्याने जसं हातातून खाली ठेवलं अगदी तस्सं."

"खुर्ची कुठंय? चार पाय आहेत नुसते."

"तेच तर! अपुरी आहे म्हणूनच हवी आहे त्यांना. लोक बघतील आणि अंगावर काटा येईल त्यांच्या."

"पाय सुकून जातील, केलीन."

"सुकू देत की. कुणी बसणार आहे का त्यांच्यावर?"

मी बरं म्हटलं. त्या दिवसांत मी सगळ्यालाच बरं म्हणत होते. हो म्हटलं की माणसं लवकर गप्प होतात. ऑर्लिन हयात असताना त्या केंद्राला त्याची आठवण फक्त शरद ऋतूतल्या जत्रेच्या वेळी यायची. मांडवात बसवून त्याला लाकूड तासायला लावायचे आणि लोक फोटो काढायचे. आता काच. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय. पण हेही मी मनातल्या मनात म्हटलं, आणि तेही रागाने नाही.

पाय सुकतील असं मी का म्हटलं ते सांगायला हवं. आमच्या खुर्चीत खिळा नसतो, स्क्रू नसतो, सरस नसतो. पाय ओल्या लाकडाचे, नुकत्याच पाडलेल्या झाडाचे. त्यांना जोडणाऱ्या आडव्या दांड्या मात्र चुलीमागे टांगून कडकडीत वाळवलेल्या. पायात भोक पाडायचं आणि सुकी दांडी त्या ओल्या पायात ठोकून बसवायची. मग पाय हळूहळू सुकतो, आकसतो, आणि दांडीला असा आवळून धरतो की नातवंडं म्हातारी झाली तरी सोडत नाही. सगळी मेख वेळेत आहे. ठोकायच्या आधीच पाय वाळला तर तो पुढे आकसणार कसा आणि धरणार कशाला? ऑर्लिन म्हणायचा, वाळलेला पाय म्हणजे सरपण.

तर त्याचे चार पाय ओल्या ढलप्यांच्या ढिगात पुरलेले होते, भोकं पाडून तयार. दांड्या माझ्या लोखंडी चुलीमागे तारेला लटकत होत्या. पाठीच्या पट्ट्या उकळून, वाकवून, बांधून ठेवलेल्या. ठोकायचं तेवढं राहिलं होतं. बैठक विणायचं काम माझं, हिकरीच्या झाडाच्या आतल्या सालीच्या पट्ट्यांनी. ते खुर्ची उभी राहिल्यावरचं. चौकट त्याची, बैठक माझी, असा आमचा संसार. ठोकायच्या वेळी मी त्याच्या कामाच्या खोलीत पाऊल टाकत नसे. कुणी बघत असलं की त्याचा हात चुकायचा.

केलीन गुरुवारी कामावर परत गेली, शनिवारी केंद्राच्या गाडीबरोबर येते म्हणाली. शुक्रवारी दुपारी हार्लिस आला.

हार्लिस हा ऑर्लिनचा धाकटा भाऊ. दफनाला आला होता, पण लांब कुंपणाशी उभा होता आणि शेवटचं भजन संपायच्या आत निघून गेला होता. दोघे भाऊ कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण सांगितलं की बाहेरची माणसं हसतात. कारण सरस.

हार्लिसचा जन्म फर्निचरच्या कारखान्यात गेला. तिथल्या यंत्रांनी त्याचे कान खाल्ले. म्हातारपणी घरी बसल्यावर तोही खुर्च्या करायला लागला, पण सगळं घाईत. पाय वाळून गेले तरी फिकीर नाही, भोकात सरस भरायचा, दांडी दाबायचा आणि प्रेटरांची खुर्ची म्हणून विकायचा. ऑर्लिनला हे कळलं तेव्हा त्याने त्यातली एक उचलून आणली, आपली एक घेतली आणि दोन्ही दोरीने बांधून ओढ्यात सोडल्या. रविवारी चर्च सुटलं तेव्हा हार्लिसच्या दांड्या पुलाखालून एकेक करून वाहत चालल्या होत्या. ऑर्लिनची खुर्ची पाण्यात होती तशी, फुगून आणखीच घट्ट झालेली. पोरं टाळ्या पिटत होती. हार्लिसने पुलावरून वाकून पाहिलं, गाडीत बसला आणि गेला, तो आमच्या अंगणात पुन्हा आला नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी तेव्हाच ऑर्लिनला म्हटलं होतं की हे अती झालं. तर म्हणतो, "आणि बसणारा आपटला असता म्हणजे?"

आता हार्लिस दारात उभा होता, हातात पोतं.

"बटाटे आणलेत!" तो ओरडला. बहिरा माणूस जगाला बहिरं समजून बोलतो. "लावायचे आहेत, खायचे नाहीत!"

"ये आत."

"काय?"

"आत ये म्हटलं!"

"ओरडू नकोस. तोंड माझ्याकडे करून सावकाश बोल, मला ओठ कळतात."

"कानातलं यंत्र कुठंय तुझं?"

"खिशात."

"खिशाला ऐकायचंय का काही?"

"नुसती शिट्टी वाजते त्यातून. आमची ही होती तेव्हा तिचा आवाजही शिट्टीसारखाच यायचा. तेव्हाच काढून ठेवलं." तो बूट पुसत आत आला. मग जरा वेळाने, त्याच्या मानाने हळू, म्हणाला, "जेवतेस ना?"

"गाव घालतंय जेवायला."

"बरं."

बोलण्यासारखं एवढंच होतं. त्याने कॉफी नको म्हटलं. स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून ऑर्लिनच्या खोलीत जायला दोन पायऱ्या आहेत, तिकडे तो बघत होता. मग मला न विचारता उतरला. मी मागोमाग गेले. इतक्या दिवसांत मी तिथे गेलेच नव्हते. एकच लहान खिडकी आणि तिच्यापुढे अक्रोडाचं झाड, त्यामुळे भर दुपारीही तिथे दिव्यावाचून दिसत नाही. हार्लिसने ढिगात कोपरापर्यंत हात घातला, एक पाय उपसून काढला, ढलप्या झटकल्या आणि तो गालाला लावून उभा राहिला. ओलं लाकूड गालाला गार लागतं, सुकं लागत नाही. तपासायची ही आमच्याकडची रीत.

"डेल्फी," तो म्हणाला, "हे अजून गार आहेत."

"असतील."

"उद्याचा दिवस, फार तर परवाचा. मग गेले."

"उद्या न्यायला येतायत. काचेमागे ठेवणार आहेत."

"काचेमागे बसणार कोण?"

"कुणी नाही."

तो पाय हातात फिरवत राहिला. भोकांत बोट घालून पाहिलं, एकातून, मग दुसऱ्यातून. "भोकं बघ. एकसारखी," तो म्हणाला. "या वयात." आणि पाय परत ढिगात ठेवायला वाकला.

"तू ठोक," मी म्हटलं.

तो वाकलेला होता, त्याला कळलं नाही. मला मात्र कळलं की मी काहीतरी मागितलंय. आठवड्यात पहिल्यांदा. मला ती खुर्ची उभी राहायला हवी होती. काचेत चार पाय नकोत, खुर्ची हवी, सरपण व्हायच्या आत. काहीतरी हवंसं वाटतंय हे कळलं तेव्हा मी जरा दचकलेच. मी त्याच्या दंडाला हात लावला, त्याने वर बघितलं.

"तू ठोक ती, हार्लिस."

"मी?" तो हसला, पण ते काही हसणं नव्हतं. "माझ्या दांड्या पुलाखालून गेल्यात. विसरलीस?"

"खोऱ्यात कुणी विसरलेलं नाही. म्हणून तर विचारते, सरस नाही ना आणलास?"

त्याने खरोखरच दोन्ही खिसे चाचपले. "नाही. पण केलीन काय म्हणेल?"

"शनिवारचं शनिवारी."

त्याने भिंतीवरची मोगरी काढली, ऑर्लिनची, हिकरीच्या लाकडाची. तळहातावर आपटून वजन बघितलं आणि पुन्हा खाली धरली.

"ठोकता मला येतं," तो म्हणाला. "ते हाताला आठवतं. पण ऐकायचं कुणी?"

खरंच होतं. दांडी भोकात शिरत असते तोवर मोगरीचा आवाज पोकळ येतो. तिचं टोक भोकाच्या बुडाला लागलं की आवाज जाड होतो. तिथे थांबायचं. त्यानंतर एक-दोन घाव जास्त पडले की ओला पाय उभा फुटतो. डोळ्यांना हे दिसत नाही, हाताला कळतं ते उशिरा. चांगला कारागीरसुद्धा कानाने ठोकतो. हार्लिस सरसाला का भुलला ते मला तिथे उभ्या उभ्या समजलं: सरस लावला की घट्ट ठोकायला लागत नाही, आणि मग ऐकायलाही लागत नाही.

"मी ऐकते," मी म्हटलं.

"तू कधी ठोकलंयस?"

"नाही. पण लग्न झाल्यापासून भिंतीपलीकडून ऐकतेय."

आधी मी खोलीतच उभी राहून बघितलं. त्याने पहिली दांडी भोकावर टेकवून दोन घाव घातले आणि माझे कान नुसते झणझणले. इतक्या जवळून सगळेच घाव सारखे. मी हात वर केला.

"इथून नाही कळत. मला स्वयंपाकघरातूनच कळतं."

"मग मला कसं सांगणार? मी बहिरा, तू भिंतीआड."

यावर इलाज आमच्या घरातच होता. वायरिंग ऑर्लिनने स्वतः केलेलं, आणि विजेच्या बाबतीत तो उंटावरचा शहाणा, त्यामुळे त्याच्या खोलीतल्या दिव्याचं बटण माझ्या स्वयंपाकघरात होतं, चुलीशेजारी. त्याला जेवायला बोलवायचं असलं की मी हाक मारत नसे, दिवा घालवत असे.

"दिवा गेला की थांब," मी म्हटलं. "लागला की पुढची."

"आणि वीज गेली तर?"

"तर खुर्ची एका दांडीने कमी."

तो खुश झाला. मी दांड्या चुलीमागच्या तारेवरून सोडून त्याला दिल्या, हाताला ऊन लागत होत्या. त्याने त्या सशाचं पिल्लू घ्यावं तशा शर्टात गुंडाळून घेतल्या. मी दार ओढून घेतलं आणि बटणावर बोट ठेवून उभी राहिले.

ठक. ठक. ठक. पोकळ. मग जरा आखूड, मग आणखी आखूड, आणि मग तो आवाज आला, जाड आणि भरलेला. मी बटण दाबलं. शांत.

"बसली!" पलीकडून हार्लिस गरजला. "अगदी बुडाला! दिवा लाव!"

मी दिवा लावला. तो पुढच्या दांडीकडे वळला. पाठीची चौकट आधी झाली, पट्ट्यांसकट. मग पुढचे दोन पाय. मध्येच दार उघडून त्याने घामेजलेलं डोकं आत घातलं.

"कॉफी आहे?"

"आधी खुर्ची."

"एक दांडी जराशी सैल वाटते गं. थोडासा स..."

"हार्लिस!"

"थोडासा जोर लावतो म्हणणार होतो," तो म्हणाला आणि दार लावून गेला. खोटं बोलत होता, पण मी सोडून दिलं. ती दांडी पुढे नीट बसली.

मग बाजूच्या दांड्या. पाठ आणि पुढचा भाग एकमेकांना जोडतात त्या, खुर्चीचं खुर्चीपण त्यांच्यात. मी ऐकत होते. पोकळ, पोकळ, आखूड, जाड, दिवा. माझा कान एकदाही चुकला नाही. कानाला काही सांगावंच लागत नव्हतं. मी भिंतीकडे पाठ करून उभी होते आणि मला दिसलं की चुलीवर बीन्स चढल्या आहेत. कधी चढवल्या आठवेना. ठोकायच्या दिवशी ऑर्लिनला लवकर भूक लागायची, म्हणून तो ठोकायला लागला की मी जेवण टाकायची. ते हातांनी आपलं आपण केलं होतं. मीठ घालून ढवळलंसुद्धा होतं.

आणि अंगातली ती बधिरता कुठे कुठे सुटायला लागली होती. आधी हात, मग मान. भिंतीपलीकडे कुणीतरी खुर्ची ठोकतंय, म्हणजे घरात सगळं जागच्या जागी आहे, एवढंच माझं अंग ओळखत होतं. पलीकडे हार्लिस आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. मी वेडी नाही. पण अंगाला मी ते सांगायला गेले नाही. बरं वाटत होतं. एका आठवड्यानंतर मला बरं वाटत होतं, आणि ते मला ठेवायचं होतं.

"शेवटची!" हार्लिस ओरडला. "दिवा लाव!"

मी लावला.

ठक. ठक. पोकळ. ठक. जरा आखूड. मी बटणावर बोट ठेवलं. ठक. आणखी आखूड. मग तो आवाज आला. स्पष्ट. त्या दिवशीच्या सगळ्या दांड्यांपेक्षा स्पष्ट. दांडी बुडाला लागली होती, खुर्ची पुरी झाली होती.

मी बटण दाबलं नाही. दाबायचं आहे हे मला कळत होतं. हा घाव शेवटचा, यानंतर त्या खोलीत ठोकण्यासारखं काही उरणार नाही, आज नाही, उद्या नाही, कधीच नाही, हेही कळत होतं. अजून एक, मला वाटलं. एकच. पलीकडे मोगरी पडली. जाड. अजून एक. पडली. आणि मग जो आवाज आला तो मोगरीचा नव्हता.

मी पायऱ्या उतरून गेले. पुढचा डावा पाय भोकापासून खाली उभा फुटला होता, फटीत करंगळी गेली असती. लाकूड आतून पांढरं, ओलं होतं. ती खुर्ची अजून आहे. उभी राहते, पण तिच्यावर कुणाला बसवता येत नाही. केंद्राच्या माणसांनी दुसऱ्या दिवशी बाकडं नेलं, अवजारं नेली, टोपी नेली, आणि खुर्चीकडे बघून एकमेकांकडे बघितलं. केलीन माझ्याशी ईस्टर होईपर्यंत धड बोलली नाही.

हार्लिस मोगरी छातीशी धरून उभा होता. चेहरा पुलावर होता तसाच झाला होता.

"दिवा चालू होता, डेल्फी," तो म्हणाला. "मी सारखा वर बघत होतो. शपथ. चालू होता."

"हो."

"तुला आवाज कळला नाही का?"

"कळला."

"काय?"

"कळला!"

"मग घालवला का नाहीस?"

मी फटीकडे बघत काहीतरी पुटपुटले.

"तोंड वर कर. मला दिसत नाही."

मी तोंड वर केलं. "मला थांबवायचं नव्हतं."

तो माझ्या ओठांकडे डोळे बारीक करून बघत होता. डोकं हलवलं. "काय?"

"मला थांबवायचं नव्हतं!" मी ओरडले. "तू थांबलास की तो गेला! तू ठोकत होतास तोवर तो इथे होता, हार्लिस! इथे आत होता! कळलं का तुला? इथे होता!"

मी इतक्या जोराने ओरडले की स्टिडमांचे कुत्रे भुंकायला लागले. आणि ओरडण्यासाठी जे तोंड उघडलं ते मिटेना. रडणं तिथून बाहेर पडायला लागलं, आणि ते माझ्या ओळखीचं नव्हतं, बाळंतपणातसुद्धा मी असा आवाज काढला नव्हता. मी ऑर्लिनच्या बाकड्याला दोन्ही हातांनी धरलं. दुखत होतं. सगळीकडे दुखत होतं.

हार्लिसने मला जवळ घेतलं नाही. प्रेटरांच्यात तशी पद्धत नाही. त्याला ऐकू काही आलं असेल असं नाही, पण बघितलं सगळं. त्याने खुर्ची अलगद उचलून भिंतीशी टेकवली. मग दाराजवळचा लाकूड फोडायचा ओंडका पायाने ओढत खोलीच्या मधोमध आणला आणि त्याच्यावरच्या ढलप्या हाताने झाडल्या.

"आत जा," तो म्हणाला.

"काय?" या खेपेला मी विचारलं.

"स्वयंपाकघरात जा. जिथून ऐकतेस तिथे."

मी गेले. दार ओढून घेतलं. आणि पलीकडे मोगरी पडायला लागली, ओंडक्यावर, सावकाश, एकामागून एक. ओंडक्याला भोक नव्हतं आणि बुडही नव्हतं, त्यामुळे कितीही ठोकलं तरी आवाज बदलायचा नव्हता. तो ठोकत राहिला आणि मी ओट्याला टेकून रडत राहिले, मोठमोठ्याने, कारण त्याला ऐकू जाणार नव्हतं. आधी कोण थांबलं ते मला सांगता येणार नाही.